उद्योगांचे ‘स्वागत’ आणि उद्योगांची ‘चिंता’: एआय धोरणावरील अभिप्राय कसा वाचावा?

केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी एखादा निर्णय जाहीर केला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास आढळते. निर्णय सौम्य असेल तर ‘उद्योगजगताने स्वागत केले’ आणि कठोर असेल तर ‘उद्योगजगताने चिंता व्यक्त केली’. बातमी तेथे संपते आणि वाचकाच्या मनात त्या धोरणाचा निकालही लागून जातो. स्वागत झाले म्हणजे धोरण चांगले, चिंता व्यक्त झाली म्हणजे धोरणात खोट, असा सोयीचा हिशेब आपण नकळत मांडतो.

या हिशेबाला माझी हरकत आहे. उद्योग संघटनेचा अभिप्राय ही एक साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्षीदार विषयाचा जाणकार आहे, म्हणून त्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकले पाहिजे. तो खटल्यातील एक पक्षही आहे, म्हणून त्याची उलटतपासणीही झाली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा कराव्यात, हे गेल्या दोन वर्षांतील तीन प्रसंगांच्या आधारे पाहू. हे तिन्ही प्रसंग विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांशी थेट संबंधित आहेत. कारण उद्या मॉडेल घडवणारे, त्यासाठी विदा गोळा करणारे आणि त्या मॉडेलचे परिणाम भोगणारेही तेच असणार आहेत.

‘उद्योग’ म्हणजे नेमके कोण?

फिक्कीची स्थापना १९२७ सालची. नॅसकॉमची १९८८ सालची. यांच्या जोडीला भारतीय उद्योग महासंघ म्हणजे सीआयआय, इंटरनेट कंपन्यांची आयएएमएआय आणि जागतिक सॉफ्टवेअर कंपन्यांची बीएसए या संघटना एआय धोरणावर नियमितपणे लेखी म्हणणे मांडतात. यात लपवण्याजोगे काही नाही. सभासदांची बाजू सरकारपुढे मांडणे हेच या संघटनांचे काम आहे, आणि ते उघडपणे चालणे हे लोकशाहीच्या दृष्टीने बंद दाराआडच्या भेटींपेक्षा केव्हाही बरे.

मात्र ‘उद्योग’ हा एकवचनी शब्द फसवा आहे. नॅसकॉमसारख्या एकाच संघटनेत परदेशी ग्राहकांना सेवा विकणाऱ्या भारतीय कंपन्या आहेत, जागतिक कंपन्यांच्या भारतातील शाखा आहेत आणि दहा-वीस माणसांची स्टार्टअप्सही आहेत. परवान्याची अट घातली तर मोठ्या कंपनीला एक विधी विभाग वाढवावा लागेल. लहान कंपनीला कदाचित गाशाच गुंडाळावा लागेल. उलट, मोठ्या कंपनीचे मॉडेल भाड्याने घेऊन त्यावर आपले ॲप उभारणाऱ्या लहान कंपनीला मूळ मॉडेलबद्दल अधिक माहिती हवी असते आणि ती देण्यास मोठी कंपनी उत्सुक नसते. संघटनेच्या निवेदनात जे दिसते, ती या सर्वांमधली तडजोड असते. ज्या मुद्द्यावर सभासदांचे एकमत होत नाही, तो मुद्दा निवेदनात येतच नाही. त्यामुळे अशा निवेदनातील मौन त्यातील मजकुराइतकेच बोलके असते.

पहिला प्रसंग: चौदा दिवसांत बदललेले सूचनापत्र

१ मार्च २०२४ रोजी केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने समाजमाध्यमे आणि अन्य मध्यस्थ मंचांसाठी एक सूचनापत्र काढले. चाचणीच्या अवस्थेतील किंवा अविश्वसनीय एआय मॉडेल भारतातील वापरकर्त्यांना उपलब्ध करून द्यायचे असेल, तर केंद्र सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी, असे त्यात म्हटले होते. उद्योगातून, विशेषतः स्टार्टअप्सकडून, तीव्र प्रतिक्रिया उमटली. तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी तीन दिवसांत खुलासा केला, की ही अट मोठ्या मंचांसाठी आहे, स्टार्टअप्ससाठी नाही. १५ मार्चला सुधारित सूचनापत्र आले आणि परवानगीची अट वगळली गेली. उत्तरे अविश्वसनीय असू शकतात, हे वापरकर्त्याला स्पष्टपणे सांगण्याची अट मात्र राहिली.

येथे उद्योगांचा आक्षेप रास्तच होता. ‘अविश्वसनीय’ कशाला म्हणावे याची व्याख्या नव्हती, चाचणी कोण घेणार याचा पत्ता नव्हता आणि अशी परवानगी मागण्याचा अधिकार कोणत्या कायद्यातून येतो, हेही अस्पष्ट होते. प्रयोगशाळेत कोणी ‘हा नमुना अयोग्य आहे’ असे मापनपद्धती न सांगता लिहिले, तर आपण ते मान्य करत नाही. धोरणालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

पण पुढे काय झाले तेही पाहावे. अट गेली, उद्योगांचे समाधान झाले आणि मूळ प्रश्न चर्चेतून बाहेर पडला. कोट्यवधी लोकांच्या हाती जाणाऱ्या मॉडेलची स्वतंत्र चाचणी कोणी, कोणत्या भाषांत आणि कोणत्या निकषांवर करावी, हा तो प्रश्न. त्यासाठीच्या संस्थेची, म्हणजे इंडियाएआय सुरक्षा संस्थेची, घोषणा ३० जानेवारी २०२५ रोजी झाली. मधे दहा महिने गेले होते. वाईट उपाय दूर करण्यात उद्योग संघटनांचे हित असते. चांगला उपाय घडवून आणण्यात ते तितके असेलच असे नाही. हा त्यांच्यावरचा आरोप नव्हे, त्यांच्या भूमिकेची मर्यादा आहे. त्यांचा आक्षेप मान्य झाल्यानंतर उरलेला प्रश्न दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवावा लागतो.

दुसरा प्रसंग: दहा टक्क्यांची पट्टी

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी याच मंत्रालयाने कृत्रिमरीत्या निर्मित मजकुरासंबंधी नियमदुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. डीपफेकचा उपद्रव वाढला होता आणि काहीतरी करणे भाग होते. एआयने बनवलेल्या चित्राच्या किंवा चलचित्राच्या किमान १० टक्के दृश्य भागावर ठळक खूण असावी आणि ध्वनिफितीच्या सुरुवातीच्या १० टक्के काळात तशी सूचना ऐकू यावी, असा त्यातील प्रस्ताव होता.

आक्षेप दोन प्रकारचे होते. पहिला तांत्रिक: संगणकाच्या साहाय्याने ‘निर्माण केलेले किंवा बदललेले’ इतकी रुंद व्याख्या केली, तर छायाचित्राचा उजेड वाढवणे, आवाजातील खरखर काढणे यांसारख्या साध्या गोष्टीही तिच्या कक्षेत येऊ शकतात. दुसरा व्यवहाराचा: चित्राचा दहावा हिस्सा व्यापणारी पट्टी सर्व प्रकारच्या आशयाला लावणे अव्यवहार्य आहे, त्यापेक्षा फाइलमध्येच दडलेली तांत्रिक ओळखखूण अधिक उपयुक्त ठरेल.

पहिला आक्षेप विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तर मनापासून मान्य करावा असा आहे. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या प्रतिमेतील अनावश्यक ठिपके आज एआयच्या मदतीने काढले जातात. उपग्रहाने पाठवलेल्या विदेला रंग देऊन ती वाचनीय केली जाते. अशा प्रत्येक प्रतिमेवर ठळक पट्टी लागली असती, तर खरे-खोटे ओळखण्याऐवजी गोंधळच वाढला असता. १० फेब्रुवारी २०२६ रोजी अधिसूचित झालेल्या आणि २० फेब्रुवारीपासून अंमलात आलेल्या अंतिम नियमांत दहा टक्क्यांचे बंधन गेले, ठळक खुणेची अट राहिली, आणि नेहमीचे संपादन तसेच सद्हेतूने तयार केलेले शैक्षणिक व संशोधनविषयक साहित्य व्याख्येबाहेर ठेवण्यात आले. जाणकार साक्षीचा हा प्रत्यक्ष लाभ होय.

दुसऱ्या आक्षेपाची उलटतपासणी मात्र आवश्यक आहे. फाइलमध्ये दडलेली ओळखखूण चित्राचा स्क्रीनशॉट घेतला तरी नाहीशी होते आणि एका ॲपवरून दुसऱ्यावर जाताना अनेकदा गळून पडते. ती शोधण्यासाठी वेगळे साधन लागते, आणि ते साधन गावातील एखाद्या मुलीच्या वडिलांच्या मोबाइलवर असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. त्या मुलीचे बनावट चित्र गावाच्या व्हॉट्सॲप गटात फिरू लागले, तर त्या अदृश्य खुणेचा तिला काय उपयोग? उद्योगांचे मूल्यमापन ‘नियम पाळण्याचा खर्च किती’ हे मोजते. नियम नसण्याचा खर्च ज्यांना सोसावा लागतो, ते या संघटनांचे सभासद नसतात, म्हणून तो खर्च त्या हिशेबात धरला जात नाही.

या प्रसंगाला आणखी एक बाजू आहे. अंतिम नियमांत पट्टी गेली, पण न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश मिळाल्यावर बेकायदा मजकूर हटवण्याची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आली. इतक्या कमी वेळात आदेश तपासण्याची उसंत मिळणार नाही आणि कंपन्या विचार न करता मजकूर हटवत सुटतील, ही भीती खरी आहे. ती केवळ कंपन्यांची भीती नाही. सरकारच्या विज्ञानधोरणावर टीका करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचे लेखनही त्या तीन तासांत नाहीसे होऊ शकते. अशा वेळी उद्योगाचे हित आणि नागरिकाचे हित एका बाजूला येतात. तेव्हा ‘उद्योग म्हणतो म्हणजे संशयास्पद’ हा निष्कर्षही ‘उद्योग म्हणतो म्हणजे खरे’ या निष्कर्षाइतकाच आळशी आहे.

तिसरा प्रसंग: मॉडेलला शिकवायचे कोणाच्या अक्षरांवर?

या तिघांत सर्वांत महत्त्वाचा प्रसंग कॉपीराइटचा आहे. वृत्तसंस्था एएनआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रकाशक, वृत्तपत्रांचे डिजिटल मंच आणि संगीत कंपन्या यांनीही त्यात हस्तक्षेपाचे अर्ज केले. प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्याचे लेखन, संगीत किंवा चित्र मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी त्याच्या परवानगीशिवाय आणि मोबदल्याशिवाय वापरता येते काय?

उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने एप्रिल २०२५ मध्ये यासाठी समिती नेमली आणि ८ डिसेंबर २०२५ रोजी तिच्या कार्यपत्राचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यातील प्रस्ताव मधला मार्ग काढू पाहतो. कायदेशीररीत्या मिळवलेले साहित्य प्रशिक्षणासाठी वापरण्याचा परवाना सर्व एआय कंपन्यांना आपोआप मिळेल. लेखक-कलावंतांना नकार देता येणार नाही. मात्र त्यांना रॉयल्टीचा हक्क राहील. ही रॉयल्टी एक केंद्रीय संस्था गोळा करील आणि वाटील. आपल्या कायद्याला ही कल्पना अगदीच परकी नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या ३१-ड कलमानुसार प्रसारण संस्था प्रत्येक गाण्यासाठी स्वतंत्र परवानगी न घेता, ठरवून दिलेल्या दराने मोबदला देऊन ते वाजवू शकतात.

समितीत सहभागी असलेल्या नॅसकॉमने या प्रस्तावाला लेखी असहमती नोंदवली. तिचा आग्रह वेगळ्या मार्गाचा होता: प्रशिक्षणासाठी साहित्याचा वापर करण्यास कायद्यातच सूट द्यावी आणि ज्यांना आपले साहित्य द्यायचे नसेल त्यांनी तसे कळवून बाहेर पडावे. जपानने २०१८ मध्ये आणि सिंगापूरने २०२१ मध्ये आपल्या कायद्यांत अशा विश्लेषणासाठी व्यापक सूट दिली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात बाहेर पडण्याच्या हक्कासह सूट आहे. या उदाहरणांचा आधार अशा मागणीला नेहमी दिला जातो.

नॅसकॉमच्या बाजूने एक भक्कम मुद्दा मांडता येतो. प्रस्तावित रॉयल्टी महसुलाच्या प्रमाणात आहे, नफ्याच्या नव्हे. नुकतेच ग्राहक मिळू लागलेले, अजून तोट्यात असलेले भारतीय स्टार्टअप आणि अब्जावधी डॉलर उलाढालीची परदेशी कंपनी यांना एकाच टक्केवारीने आकारले, तर भार सारखा पडत नाही. शिवाय एका उत्तरामागे लक्षावधी लेखकांचा अंश असेल, तर कोणाला किती द्यायचे हे ठरवण्याची विश्वासार्ह शास्त्रीय पद्धत आज उपलब्ध नाही. रॉयल्टी गोळा होईल, पण वाटणीत ती अडकून राहील, ही शंका निराधार नाही.

आता दुसरी बाजू. ‘ज्यांना नको त्यांनी बाहेर पडावे’ हा हक्क वापरायचा तर आधी आपले लेखन वापरले जात आहे हे कळले पाहिजे, संकेतस्थळावर यंत्राला वाचता येईल अशी सूचना लावता आली पाहिजे आणि ती पाळली जाते का हे तपासता आले पाहिजे. मोठ्या इंग्रजी वृत्तपत्राला हे जमेल. पण जुने अंक स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवणाऱ्या मराठी नियतकालिकाच्या संपादकाला, अनुदिनी लिहिणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला किंवा लोककथा संकलित करणाऱ्या संशोधकाला ते कसे जमावे? ज्या भाषांचा डिजिटल मजकूर थोडा आहे, त्या भाषांत प्रत्येक पानाचे मोल मॉडेलच्या दृष्टीने अधिक असते, आणि नेमक्या त्याच भाषांतील लेखकांपाशी हक्क बजावण्याची साधने सर्वांत कमी असतात. समितीने हा मार्ग नाकारताना लहान निर्मात्यांच्या याच असमर्थतेवर बोट ठेवले आहे.

आणि विद्यार्थी? युरोपीय निर्देशाचे दोन स्वतंत्र भाग आहेत. संशोधनसंस्थांना शास्त्रीय संशोधनासाठी दिलेली सूट वेगळी आहे आणि तिच्यातून कोणी बाहेर पडू शकत नाही. बाहेर पडण्याचा हक्क आहे तो दुसऱ्या, सर्वसाधारण सूटीपुरता. ब्रिटनने २०१४ मध्येच अव्यावसायिक संशोधनासाठी अशी तरतूद केली. भारतीय कायद्यात संशोधनासाठी ‘न्याय्य वापरा’ची सूट आहे, पण ती ‘खासगी किंवा वैयक्तिक’ वापराच्या चौकटीत लिहिलेली आहे. विद्यापीठातील गटाने लाखो लेखांवर मॉडेल घडवणे तिच्यात बसते की नाही, यावर वाद होऊ शकतो. प्रस्तावित रॉयल्टी व्यावसायिक वापर सुरू झाल्यावरच देय होईल, ही विद्यापीठांच्या दृष्टीने दिलासा देणारी बाब आहे. पण संशोधनाला स्वतंत्र, निःसंदिग्ध सूट असावी ही मागणी लावून धरण्याचे उद्योग संघटनेला खास कारण नाही आणि प्रकाशकांच्या संघटनेलाही नाही. दोन ‘उद्योग’ एकमेकांशी भांडत असताना आयआयटी मद्रासमधील ‘एआय फोर भारत’सारख्या, भारतीय भाषांसाठी खुली विदा उभारणाऱ्या गटांचे म्हणणे कोण मांडणार?

आकडे आणि शब्द

उद्योगांच्या मूल्यमापनात आकडे भरपूर असतात. ते वाचताना मोजलेला आकडा आणि अंदाजलेला आकडा यांत भेद करावा. नीती आयोगाच्या २०१८ च्या राष्ट्रीय एआय रणनीतीत, एआयमुळे २०३५ पर्यंत भारताचा वार्षिक वृद्धिदर १.३ टक्के-बिंदूंनी वाढू शकेल, हा ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीचा अंदाज उद्धृत केला आहे. हा मोजलेला आकडा नाही. काही गृहीतकांवर उभ्या असलेल्या आर्थिक प्रतिमानाचे ते उत्तर आहे. पण सरकारी दस्तऐवजात एकदा स्थान मिळाले की अशा आकड्याची गृहीतके मागे पडतात आणि तो वस्तुस्थितीसारखा फिरू लागतो. ज्या सल्लागार कंपन्या एआयच्या सेवा विकतात, त्यांनीच एआयच्या लाभाचा अंदाज बांधावा आणि त्या अंदाजावर धोरण आखले जावे, हे चक्र ओळखता आले पाहिजे.

संगणनक्षमतेचेही तेच. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय मोहिमेला मंजुरी दिली, तेव्हा दहा हजारांहून अधिक जीपीयूंचे लक्ष्य होते. पुढे हा आकडा ३८ हजारांपलीकडे गेल्याचे सरकारने सांगितले आणि दर ताशी सुमारे ६५ रुपये. ही निश्चितच मोठी उपलब्धी आहे. पण उपलब्ध जीपीयूंची संख्या हा उद्योगाचा मापदंड झाला. विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न निराळा: यांतील किती तास राज्य विद्यापीठांतील आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संशोधकांपर्यंत पोहोचले?

शब्दांचीही तपासणी हवी. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या भारताच्या एआय नियमनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सात सूत्रे आहेत. मुळात ही सूत्रे आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या समितीने मांडली होती. त्यांतील एक सूत्र नवनिर्मितीला निर्बंधांहून वरचे स्थान देते. उद्योग संघटनांनी या तत्त्वांचे स्वागत केले, त्यात नवल नाही. पण मूळ मजकूर काळजीपूर्वक वाचला तर त्याला एक अट जोडलेली दिसते: बाकी सर्व बाबी समान असतील तर जबाबदार नवनिर्मितीला अतिसावधगिरीपेक्षा प्राधान्य द्यावे. ‘बाकी सर्व समान’ आणि ‘जबाबदार’ हे शब्द गाळले की सूत्राचा अर्थच बदलतो, आणि दोन ओळींच्या स्वागतात हेच शब्द सर्वांत आधी गळतात. तसेच ‘जोखमीनुसार नियमन’ म्हटले की जोखीम कोणाची, आणि ‘स्वनियमन’ म्हटले की ते मोडल्यास शिक्षा कोण करणार, हे विचारावे.

साक्ष उघड असावी

हे सारे तपासायचे तर साक्ष वाचायला मिळाली पाहिजे. दूरसंचार नियामक ट्राय आपल्या प्रत्येक सल्लामसलतीत आलेली मते आणि त्यांवरील प्रतिवाद संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. त्यामुळे कोणत्या कंपनीने काय मागितले आणि नियामकाने काय मान्य केले, हे कोणालाही ताडून पाहता येते. याउलट, जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण नियमांचा मसुदा प्रसिद्ध करताना इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने आलेली मते कोणापुढेही उघड केली जाणार नाहीत असे सांगितले. लोकांनी निर्भयपणे लिहावे, हा त्यामागचा सांगितलेला हेतू. तो एकट्या नागरिकाच्या बाबतीत समजू शकतो; कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपन्यांच्या संघटनेला अशा आडोशाची गरज काय? काही संघटना आपली निवेदने स्वतःहून प्रसिद्ध करतात, ही चांगली गोष्ट आहे. पण ती त्यांच्या मर्जीवर अवलंबून राहू नये.

केंद्र सरकारचेच २०१४ चे विधिपूर्व सल्लामसलत धोरण सांगते, की मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर असावा आणि आलेल्या मतांचा गोषवारा प्रसिद्ध व्हावा. दहा टक्क्यांच्या पट्टीच्या मसुद्याला आरंभी दिलेली मुदत पंधरा दिवसांची होती. नंतर ती आठवडाभराने वाढली. पंधरा दिवसांत उत्तर तयार करणे ज्यांच्याकडे पगारी विधिज्ञ आणि धोरण विभाग आहेत त्यांना जमते. विद्यापीठाचा विभाग किंवा लेखकांची संस्था तोवर मसुदा समजूनच घेत असते. मुदत जितकी कमी, तितका आवाज संघटितांचा. उद्योगांचा प्रभाव त्यांच्या युक्तिवादाच्या बळाइतकाच दुसऱ्या बाजूच्या अनुपस्थितीमुळेही वाढतो.

पुढच्या वेळी विचारायचे चार प्रश्न

१. बोलणारी संघटना कोणाची, आणि या मुद्द्यावर तिच्या सभासदांचे हित एक आहे की परस्परविरोधी?

२. आक्षेप तपासण्याजोगा आहे काय? व्याख्या, मापन, खर्च, तांत्रिक शक्यता यांविषयीचे आक्षेप तपासता येतात. ‘नवनिर्मितीला खीळ बसेल’ हे विधान पुराव्याशिवाय तपासता येत नाही.

३. कोणाचा खर्च मोजला आणि कोणाचा वगळला?

४. आक्षेप मान्य झाला, तर मूळ प्रश्न कोण सोडवणार?

यांतील पहिले तीन प्रश्न वाचकाचे आहेत, चौथा नागरिकाचा. या देशात एआय शिकणारे, शिकवणारे आणि त्यावर संशोधन करणारे लाखो लोक आहेत. सल्लामसलतीच्या नोटिशीत उद्योगांना आणि सामान्य माणसाला एकच पत्ता दिलेला असतो. तेथे विद्यापीठांची, विज्ञान मंडळांची, भाषा संशोधकांची दोन-दोन पानांची पण पुराव्यानिशी लिहिलेली निवेदने पोहोचली, तर धोरणकर्त्यापुढे एकाऐवजी अनेक साक्षी असतील. विभागातील एका प्राध्यापकाने आणि चार विद्यार्थ्यांनी मिळून मसुदा वाचावा, एकच कलम निवडावे, त्याचा संशोधनावर आणि भाषेवर होणारा परिणाम उदाहरणासह लिहावा आणि तो सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्धही करावा. एवढे एका सत्रात सहज होण्याजोगे आहे.

उद्योग संघटना आपले काम चोख करतात. त्यांच्या अभिप्रायाला निकालाचे वजन येते, कारण त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते. ती भरण्याची जबाबदारी आपली आहे.